पूजेला बसलेले संगणक: दसऱ्यातलं हैदराबाद

शाळेत असताना सुधा आणि मी हैदराबादला आबिड्सच्या पोस्टासमोर बसची वाट बघत दोघींत एक मिरची भजी खायचो. देठाकडचा जास्त तिखट भाग सुधा हट्टाने घ्यायची. डोळ्यांतून पाणी वाहत असायचं आणि म्हणायची, "जरासुद्धा तिखट नाही." कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सना कळू नये म्हणून तेलकट बोटं आम्ही मोज्यांना पुसायचो.

त्याच सुधाचा यंदा नवरात्राच्या तोंडावर फोन आला. ती आता काचीगुड्याजवळच्या एका मुलींच्या कॉलेजची प्राचार्य आहे आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त होते आहे. दुकानांत, ऑफिसांत काम करणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळचा संगणक अभ्यासक्रम सुरू करायचा, एवढी एकच तिची इच्छा उरली होती. परवानगीचा अर्ज नवमीच्या संध्याकाळपर्यंत इंटरनेटवरून विद्यापीठाकडे पोचायला हवा होता. "विमे, जन्मभर इंग्रजी शिकवलंस, एकदा अर्ज वाचून दे. दसरा पण इथेच कर."

मी राहते त्या औरंगाबादहून काचीगुड्याची गाडी सोयीची आहे, पण दसऱ्यात जायचं तर आरक्षण आधी करा. मी केलं नव्हतं. कोणाच्या तरी झेंडूच्या टोपलीशेजारी अंग चोरून बसत अष्टमीला सकाळी पोचले. स्टेशनबाहेर चहा प्या, बशीत ओतून, खाऱ्या बिस्किटाबरोबर. तेवढी एक चव बदललेली नाही. बाकी शहर ओळखू येईना. जिथे तिथे खोदलेलं, वर उड्डाणपूल आणि त्याच्या प्रत्येक खांबावर 'सहा महिन्यांत परदेशात नोकरी' असे फलक.

कॉलेजची संगणकखोली थंडगार. चपला बाहेर काढायच्या. आत नवेकोरे संगणक आणि प्रत्येकावर झालर लावलेलं कव्हर, जणू फ्रॉक घातलेल्या मुलीच.

"वापरतं कोण?" मी विचारलं.

"तपासणीची समिती येते ना, तेव्हा सगळी कव्हरं काढतो," सुधा म्हणाली. "एरवी मोजकेच उघडतो, एकेकाभोवती चार-चार मुली. एकीने बटणं दाबायची, तिघींनी बघायचं."

विभागप्रमुख व्यंकटेश्वरलू सरांनी माझ्या दुरुस्त्या टाइप केल्या. विद्यापीठाचं संकेतस्थळ काही उघडेना. "कल भेजेंगे मॅडम," म्हणून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नवमी. दुपारी आम्ही गेलो तर दाराला कुलूप आणि झेंडूचं तोरण. सरांनी पहाटेच येऊन संगणकांची आयुधपूजा उरकली होती. पूजेला लावलेल्या अवजाराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. किल्ली सरांच्या घरी, नल्लकुंट्यात. फोन कोणी उचलेना.

पायरीवर पद्मा नावाची मुलगी डबा खात बसली होती. आबिड्समधल्या साडीच्या दुकानात ती बिलं करते. जेवणाच्या सुट्टीत आली होती. सुधाला बघताच उठली. "मॅडम, अर्जी गई क्या? भय्या बोलरा, इस साल क्लास नहीं हुआ तो शादी कर देता बोलके."

सुधाने पदर खोचला. "चल गं विमे."

रिक्षाचंही तेच. हँडलला हार, चाकापुढे लिंबू. मीटर टाका म्हटलं तर चालक म्हणाला, "अम्मा, मीटर की भी पूजा हो गई. आज नक्को छेड़ो." दसऱ्याला तिकडे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुप्पट पैसे गेले.

सर धोतर नेसून जेवायला बसणार होते. "मॅडम, पिछले साल नवमी को एक जन खोला, हार्ड डिस्क बैठ गई. आज कैसा खोलना?"

सुधा पुढे झाली. "सर, यह पूजा किसके वास्ते किए? पढ़ाई के वास्तेच ना? अर्जी भी पढ़ाई की है."

"कुछ हुआ तो?"

"मेरे नाम पे."

सरांनी ताट झाकून ठेवलं. मग बायकोला तेलुगूत काहीतरी सांगून किल्ली घेऊन निघाले. स्कूटर काढतील असं वाटलं, पण तिचीही पूजा झालेली. तिघं दाटीवाटीने त्याच रिक्षात बसलो.

आत प्रत्येक पडद्यावर कुंकवाचा टिळा, प्रत्येक माऊसपुढे लिंबू. नारळ दारातच फोडला होता. त्याचं पाणी विजेच्या बोर्डात गेलेलं. बटण दाबलं की फ्यूज उडे. माझा संयम संपला. "अहो, समितीसाठी पुसता ना, मग मुलींसाठी कोरडं ठेवायला काय होतं?" मराठीतच बोलले, पण सरांना अर्थ पोचला. त्यांनी उपरण्याने बोर्ड कोरडा केला, दुसरी वायर ओढली, देवीला हात जोडून क्षमा मागितली आणि संगणक लावला. कुंकू लागलेलं एंटरचं बटण चिकटत होतं. सुधा त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून पुटपुटत होती, "जा रे बाबा, जा." कार्यालयाची वेळ संपता संपता अर्ज मिळाल्याची ओळ पडद्यावर आली. सुधा खाली जमिनीवरच बसली. मग उठून तिने आधी पद्माच्या दुकानात फोन लावला.

दसऱ्याला जम्मीची, म्हणजे आपल्या शमीची, पानं वाटली, आबिड्सला पद्माच्याच दुकानात एक साडी घेतली आणि परतले.

घरी येऊन बरेच दिवस झाले. सांधे दुखतात, शहराचा राग अजून गेलेला नाही. काल सुधाचा फोन आला, परवानगी मिळाली. वर्ग संक्रांतीनंतर सुरू होतील, पद्माचं नाव घातलं आहे. आनंदाने मी ओरडलेच. मग तिने पुढचं सांगितलं. व्यवस्थापनाने संध्याकाळच्या मुलींना दोनच संगणक दिले आहेत. बाकीचे झालरीतच राहणार. सुधा भांडते आहे, पण मार्च जवळ येतो आहे.

म्हणून निरंजन, भाच्या, हे वाचतोस ना, पुढचं तुझ्यासाठी लिहिते. तू तिकडेच नोकरीला आहेस, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन इकडे येणार आहेस, तर जाताना हे ने. डिंकाचे लाडू सुधाला, सगळे तिलाच, वाटेत डबा उघडू नकोस. कोरड्या फडक्यांचा गठ्ठा आणि जाड तळव्याच्या रबरी चपला व्यंकटेश्वरलू सरांना, विजेच्या बोर्डाजवळ घालायला. माझं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक कॉलेजच्या वाचनालयाला नाही, वर्गातल्या मुलींना, हातोहात. आणि मी ज्यावर हे लिहिते आहे तो संगणक पद्माला, तिच्या घरी. कव्हर पाठवत नाही.