कोऱ्या यंत्राचा राखणदार

पदनाम: भांडारपाल, आरोग्य केंद्र. सेवा: एकतीस वर्षे. वर्तणूक: समाधानकारक. ताब्यातील वस्तू गहाळ: निरंक. ताब्यातील वस्तू नादुरुस्त: निरंक.

या शेवटच्या नोंदीचं फार कौतुक करायला नको. जी वस्तू वापरलीच जात नाही ती बिघडणार कशी?

केंद्रात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि किताबासारखं वाटे. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, जेवतानासुद्धा. घरी पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्या पाहुणे आले तरी माळ्यावरून उतरत नसत. पुढे पाहुणेच यायचे थांबले, त्यामुळे कपबश्या अजून शाबूत आहेत.

भांडारात हवेतून ऑक्सिजन काढून देणारं एक यंत्र होतं, तान्ह्या मुलांच्या नाकात बसतील अशा नळ्यांसकट. तीन वर्षांपूर्वी आलेलं. काकांनी त्याला मापाचं पांघरूण शिवून घेतलं होतं. दर शनिवारी पांघरूण काढायचं, यंत्र पुसायचं, पुन्हा पांघरूण घालायचं. ते चालू करून पाहावं हा विचार त्यांना शिवला नाही.

बुधवारी सकाळी एक बाई सात महिन्यांचं बाळ घेऊन आली. न्यूमोनिया. सिस्टरने इंजेक्शन दिलं आणि तडक भांडाराच्या दाराशी आली.

"काका, मशीन द्या. श्वासाबरोबर बाळाच्या बरगड्या आत जाताहेत. ओठ निळे पडलेत."

"मागणीपत्र?"

"डॉक्टर बैठकीला गेलेत."

"मग बैठकीनंतर. आणि वाटप मंगळवारी, शुक्रवारी असतं. पाटी आहे ना भिंतीवर."

"बाळाला वाचता येत नाही, काका."

डॉक्टर गेले होते ती बैठक बालमृत्यू कमी कसे करावेत याबद्दलची होती. केंद्राची एकुलती एक रुग्णवाहिका त्यांनाच सोडायला गेली होती. बैठकीत फोन बंद ठेवायचा नियम होता, आणि नियम पाळणारे एकटे काकाच नव्हते.

तासाभराने सिस्टर पुन्हा आली. या वेळी बाळाला कडेवर घेऊन आईही मागे होती.

"बाबा, तुम्ही नुसतं दार उघडा," आई म्हणाली. "उचलून मी नेते."

काकांनी चष्मा पुसला. "कधीपासून आजारी आहे?"

"परवापासून."

"मग दोन दिवस घरात काय केलंत? तुम्ही लोक उशीर करता आणि खापर आमच्यावर फुटतं."

"यंत्राला पांघरूण घातलंत," सिस्टर म्हणाली, "बाळाला निदान उत्तर तरी धड द्या."

"उद्या ते बिघडलं तर जबाब कोण देणार? तू?"

"देते. लिहून देते."

"तुझी सही चालत नाही."

अखेर बैठकीत चहाची सुट्टी झाली आणि डॉक्टरांनी सहीचा फोटो फोनवर पाठवला. काकांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. फोटोला सही म्हणत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. मग डॉक्टर स्वतःच निघाले. ते पोचले, त्यांनी सही केली, जुडग्यातली नेमकी किल्ली काकांना एका झटक्यात सापडली, आणि वरातीमागून घोडं निघालं. अर्ध्या वाटेवरून परत आलं. काकांनी वहीत लिहिलं: न वापरता जमा, सुस्थितीत.

अक्षर मोत्यासारखं, म्हणून मृत्यूचा तपासणी अर्ज भरायचं कामही काकांकडेच असे. त्यांनी तो आईला समोर बसवून भरला. वजन वयाच्या मानाने कमी: होय. लसीकरण अपूर्ण: होय. राहत्या खोलीत चुलीचा धूर: होय. उपचारासाठी आणण्यात कुटुंबाकडून विलंब: होय, दोन दिवस. सगळं खरं होतं. काका खोटं कधीच लिहीत नसत. मग शेवटचा रकाना आला. केंद्रात दाखल झाल्यानंतर विलंब: निरंक. खाली अंगठा घेतला.

बाळ पावणेदहाला आलं होतं. बारा वाजता गेलं. भांडार सव्वाबाराला उघडलं.