कापड फाडल्याचा तो आवाज

मंडळी, आज जळगावात उशांच्या अभ्र्यांसाठी कापड घ्यायला गेले होते. दुकानदाराने कडेला कात्री लावली आणि दोन्ही हातांनी टर्रकन कापड फाडलं. मानेपासून कमरेपर्यंत गोड शिरशिरी गेली, डोळे आपोआप मिटले.

हे माझं लहानपणापासूनचं. साठच्या दशकात चोपड्यात आमच्या घरासमोर एका मारवाडी शेटजींचं कापडाचं दुकान होतं. या आवाजासाठी मी त्यांच्या ओट्यावर तासन्‌तास बसायचे.

मॅट्रिकच्या वर्षी माझे वडील, नाना, गेले. शेटजी स्वतः पांढऱ्या मांजरपाटाचं ठाण घेऊन आले आणि अंगणात, नानांच्या शेजारी उभं राहून त्यांनी कफन फाडलं.

आणि अंगावर तीच गोड शिरशिरी आली! मी दात आवळले, मूठ चावली, तरी थांबेना. मला थरथरताना पाहून आत्याने छातीशी धरलं. "रडी ले माय, मोकळी व्हई जाय."

मी रडत नव्हते, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

आज डोळे उघडले तर दुकानदार विचारत होता, "काय झालं आजी, रडताय?"

आज मात्र खरंच रडत होते. तेही थांबेना.

तुमचं अंग तुमचं ऐकतं का हो?