सोनालीने अडवलेली आवृत्ती

डोळखांबच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून थोडं वर सोनालीचं घर. बाप धाऊ भात आणि नाचणी करतो. सोनाली शहापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागली. काम घरूनच.

कंपनी लॅबवाल्यांसाठी प्रोग्राम करायची: रक्ताचा रिपोर्ट आला की तो तपासायचा, डॉक्टरांकडे पाठवायचा, मग पेशंटला मेसेज. ही कामं ओळीने लावून देणारी सेवा दुसऱ्या कंपनीची, क्लाउडवर होती आणि कंपनीचे प्रोग्राम रुबी भाषेत. दोघांचं बोलणं जुळवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, एका परदेशी माणसाने सगळ्यांना वापरायला फुकट लिहून ठेवलेली. तो कंटाळून बाजूला झाला, तेव्हा ‘मी सांभाळते’ असं सोनालीने त्याला आपणहून कळवलं. तेव्हापासून ती लायब्ररी तिची.

यंदा त्या सेवेने नवी आवृत्ती आणली. सोनालीने लायब्ररी तशी बदलून घेतली, चाचण्याही पास झाल्या. पण लायब्ररीची ही नवी आवृत्ती लोकांना वापरायला सोडण्याआधी तिने सेवेची सूचना परत वाचली. कामाची एक नवीच अवस्था त्यात होती: ‘रांगेत’. लायब्ररीतला जुना कोड मात्र ‘चालू’ नाही आणि ‘फसलं’ नाही, म्हणजे काम झालं, असं धरत होता.

तिने टीमच्या प्रमुख निशिगंधाताईंना फोन लावला.

“ताई, आज नाय सोडत.”

“का गं? चाचण्या पास झाल्या ना?”

“त्या जुन्या. त्यांना रांग माहीतच नाय. गर्दी झाली की रिपोर्ट अडकून राहील आणि आपण दाखवू, गेला म्हणून.”

“मी ग्राहकांना आजचा शब्द दिलाय.”

“मग माझं नाव सांगा. उद्या दुपारी देते.”

“बरं. उद्या.”

सोनालीने चाचणीच्या खात्यावर मुद्दाम गर्दी केली. सुरूही न झालेल्या कामांना लायब्ररी खुशाल ‘झालं’ म्हणत होती. मग तिने तो भाग नव्याने लिहिला. रांगेतल्या कामासाठी थांबायचं. अनोळखी अवस्था दिसली तर अंदाज न बांधता तसं सांगायचं.

धाऊ शेतावरून आला तरी ती स्क्रीनसमोरच.

“कंपनीचं काम हाय का ह्यं?”

“कंपनीचं, आन् जे लोक मला ठावं पण नाय त्यांचं पण, बाबा.”

“मग नीट कर,” म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, तिने आवृत्ती सोडली. पुढे तापाची साथ आली आणि रिपोर्टांचा ढीग लागला. थांबलेले रिपोर्ट थांबलेलेच दिसले आणि पाळी येईल तसे पोचले.

“पुढच्या वेळी तारीख तुला विचारूनच देईन,” निशिगंधाताई म्हणाल्या.

“विचारा,” सोनाली म्हणाली, आणि कुण्या अनोळखी माणसाने लायब्ररीबद्दल पाठवलेली तक्रार उघडून वाचू लागली.