जागेवर न जाता ठेवलेलं नाव

कोविडच्या पहिल्या वर्षी मेलबर्नमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. मी क्रेगीबर्नच्या घरी, गॅरेजमध्ये बसून अंटार्क्टिकाचा किनारा आखत होतो. सॅटेलाइटच्या फोटोंवरून रेघ ओढायची आणि जुन्या नकाशांतली नावं तिच्यावर बसवायची. एकेका भूशिराला दोन-दोन नावं होती, कारण दोन जहाजांनी ते लांबून पाहिलं आणि उतरलं कोणीच नाही.

हे बाबांना फोनवर सांगितलं, ही माझी चूक. बाबा साताऱ्याला असतात, जमीनमोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. "जागेवर न जाता नाव ठेवलं? आमच्यात घरी बसवलं असतं. चतुःसीमा काय त्याची?"

"उत्तरेला समुद्र. बाकी तिन्हीकडे बर्फ."

"शेजारी नाही, तंटा नाही. मग मोजता कशाला?"

त्याच महिन्यात आम्हाला मुलगी झाली. तिला आत्या नाही, म्हणून नाव ठेवायचा मान बाबांचा. त्यांनी अट घातली: पोरगी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय नाव नाही, फोनवरचं बघणं धरायचं नाही. बॉर्डर बंद होती. "उघडेल की, किती दिवस बंद ठेवतील?" बाबा म्हणाले.

आम्ही तिला नुसतं बाळ म्हणायचो. नर्सने नाव विचारलं की मी सांगायचो, पेंडिंग. बायको एकदा भडकलीच. "तुझ्या बर्फाच्या ढिगाला दोन-दोन नावं आणि माझ्या पोरीला एक नाही!" चूक माझी होती, म्हणून मी जास्त ओरडलो.

मग जन्मनोंदणीची मुदत संपत आल्याचं पत्र आलं. मी बाबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी मुदतीची तारीख परत वाचायला लावली. "दाखव," म्हणाले शेवटी. मी फोन बाळासमोर धरला. "जरा डावीकडे घे. कान दिसत नाहीये." मग त्यांनी नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, आणि फोन ठेवून दिला. ते मागच्या दारी जाऊन रडले, असं आई नंतर म्हणाली. मीही रडलो, माइक म्यूट करून, कारण लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग चालू होती.

बॉर्डर उघडून, व्हिसा मिळून बाबा इथे पोचले तेव्हा ती अडीच वर्षांची होती. एअरपोर्टवर ती आधी माझ्या पायामागे लपली, मग पुढे येऊन म्हणाली, "व्हॉट्स युअर नेम?"

बाबा गुडघे धरत खाली बसले. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं. "आणि तुझं गं?"

तिनं सांगितलं. त्यातला ळ तिला अजून येत नव्हता, त्याचा ल झाला होता. बाबांनी दोनदा म्हणायला लावलं, दोन्ही वेळा नीट ऐकलं.

"असं आहे होय," ते म्हणाले. "मी इतके दिवस चुकीचं म्हणत होतो."