ताकातलं विष

पोलिसाच्या नोकरीत मी खुनाचेही तपास केले. पण छाती खरी धडधडली ती निर्मळ गावाजवळच्या एका भाजीच्या वाडीतल्या ताकाच्या प्रकरणात. निवृत्त होऊन थोडीच वर्षे झाली. ती दुपार अजून लख्ख डोळ्यांसमोर आहे.

प्रथम रुग्णालयातून फोन आला. वांग्यांवर किडीचं औषध मारणारा एक मजूर बेशुद्ध होऊन दाखल झाला होता. डॉक्टर म्हणाले, "विषबाधा आहे. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या." ठाणे अंमलदार डायरीत नोंद करत होता, तेवढ्यात मजुराचा धाकटा भाऊ माणसं घेऊन ठाण्यात घुसला.

"साहेब, त्या बाईनं ताकातून इख दिलं! कालच भांडन झालेलं दोघांचं."

बाई त्याच वाडीत खुरपणीला होती. महिला शिपायाने तिला आणलं. मी दरडावून विचारलं, तरी ती डगमगली नाही.

"ताक मीच दिलं. औषध मारून आल्यावर ताक पाजलं की इख उतरतं, आमी नेहमीच देतो. त्यातलं मी पन प्याले ना!"

मला पटलं नाही. भांडण खरं होतं आणि ताकाचा लोटा धुतलेला. तिला बाजूला बसवून मी भावाची फिर्याद घेऊ लागलो.

"भाऊ पडल्यावर तू काय केलंस?"

"मालकानं त्याला गाडीत घातला. मी फवारनीचा पंप पाठीवर घेऊन उरलेलं मारलं. कालवलेलं औषध फुकट कशाला घालवायचं?"

बोलता बोलता त्याची जीभ जड झाली. पंख्याखाली बसूनही घामाच्या धारा, ओठांतून लाळ. मी वाकून डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या!

"तू ताक प्यालास?"

"नाय."

त्याला वळवलं. शर्ट मानेपासून कमरेपर्यंत ओला आणि औषधाचा भपकारा.

"पंप गळतो जरा," तो पुटपुटला. "कातड्याला काय नाय होत. तोंडात गेलं तरच इख. मला सवय हाय."

"जीप काढा!" मी ओरडलो. हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून दोघा शिपायांनी त्याचे कपडे उतरवले, ठाण्याच्या मोरीत साबणाने खसाखसा धुतलं आणि चादरीत गुंडाळून जीपमध्ये घातलं. मी डॉक्टरांना फोन लावला. "पहिल्याची पाठ धुतलीत का? औषध पाठीतून भिनलंय!"

"शर्ट काढून नुसतं पुसलंय. आता धुतो. औषधाची बाटली पाठवा, ताबडतोब!"

वाडीवर धावलेल्या हवालदाराने अर्ध्या तासात बाटली पोचवली. पंपाचा पंचनामा झाला. झाकणाजवळची गळती चिंधीने बांधलेली होती.

दोघेही वाचले. बरा झाल्यावर धाकटा वाडीवर जाऊन त्या बाईच्या पाया पडला. ती म्हणाली, "पाया नको पडू. नवा पंप आनायला सांग मालकाला."

त्या मजुरांच्या अज्ञानावर बोलायचा मला हक्क नाही. विष तोंडातूनच जातं, असं धरून मीही तासभर एका निरपराध बाईवर ओरडत होतो. माझ्या समजुतीमुळे ती तुरुंगात गेली असती आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत एक माणूस मेला असता.