पॅरिसचा तुरा

पॅरिसच्या बायकांबद्दल माझं मत फार वाईट आहे आणि ते मी पुसदमध्ये बसून बनवलेलं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांनी पोट आवळणारा तो कडक पट्टा एकदाचा फेकून दिला. इथवर ठीक होतं. पण मोकळं राहणं काही त्यांना मानवलं नाही. लगेच त्यांनी घोट्यांपाशी इतका अरुंद घागरा शिवून घेतला, की पायरी चढायची तर कुणीतरी हात द्यावा लागे. त्यावर गुडघ्यापर्यंतचा झगा, त्याच्या काठात तारेची रिंग, म्हणजे बाई दिव्यावरच्या टोपासारखी फुगलेली दिसावी. डोक्यावर फेटा, फेट्यात पिसाचा तुरा. आणि हे सगळं म्हणे पूर्वेकडचं! रशियातून आलेल्या एका नृत्यमंडळीनं तिथल्या रंगमंचावर सुलतान, राण्या आणि गुलाम नाचवले, ते बघून अख्खं शहर खुळावलं. हिंदुस्थान, इराण, इजिप्त सगळं एकाच पातेल्यात ढवळलं आणि गरम गरम वाढलं. आपल्याकडच्या एकाही बाईनं तसला पोशाख जन्मात घातला नव्हता, पण आपल्याला विचारतंय कोण?

माझी आत्या या खुळाची पुसद शाखा चालवायची. ती पुण्याला नाच शिकली, तिथेच तिचं लग्न झालं, मोडलं, आणि एक सुटकेस घेऊन ती आमच्याकडे परत आली. त्या सुटकेसमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेलं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं. सगळा तो पॅरिसचा बॅले आणि त्या काळातली फॅशन. आमच्या घरी देव्हाऱ्याला हात लावायला आंघोळ लागायची आणि आत्याच्या पुस्तकाला हात लावायला साबणानं धुतलेले हात.

एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी तिचा नृत्यवर्ग चालायचा. पंधरा-वीस मुली, त्यातलीच मी एक. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, दोन खोल्यांच्या घरात आत्याला बसायला एक कोपरा होता, तोही जेवणं आटोपल्यावर. हॉलमध्ये मात्र ती मॅडम होती. किल्ली तिच्याकडे असायची. ती किल्ली ती मंगळसूत्राच्या जागी गळ्यात घालायची, हे आईला अजिबात आवडत नसे.

ती कापसाच्या पडझडीची वर्षं होती. शाळेच्या सचिवांची स्वतःची कापसातून सरकी काढायची जिनिंग होती, पण तिथल्या मशिनी आता हंगामातसुद्धा धड चालत नव्हत्या. रुईच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या आवारात गंजत पडल्या होत्या. त्यामुळे साहेबांचं लक्ष हॉलकडे वळलं. लग्नासाठी भाड्यानं दिला तर बरा चालेल, असं ते उघड बोलायला लागले. आत्या त्यांच्या बायकोला भेटायला गेली, सोबत मला नेलं. बाई सोफ्यावर रेलून नखं रंगवत होत्या.

"गॅदरिंगला काहीतरी फॉरेन करून दाखवा," त्या म्हणाल्या. "ते कोळीडान्स, लमाणी नाच, नको वाटतं हो आता. फॉरेन झालं ना, तर मी साहेबांशी बोलते. मग हॉल तुमचाच."

ही बाई नागपूरच्या पलीकडे गेलेली नव्हती. पण फॉरेन कशाला म्हणतात ते तिला पक्कं माहीत होतं.

आत्या घरी आली ती उड्या मारतच. बाबा म्हणाले, "काहून एवढी धडपड करून राह्यली? घरीच शिकव ना पोरीयले, कोन नाही म्हणते?" आत्यानं त्या दोन खोल्यांकडे एकदा बघितलं. पुस्तक उघडून तिनं सुलतानाच्या महालातलं चित्र शोधून काढलं. सहा राण्या, सहा फेटे, सहा तुरे.

पुसदमध्ये भरजरी काही शिवायचं तर एकच शिंपी, जो लग्नाच्या बँडवाल्यांचे कपडे शिवायचा. त्याच्याकडे त्यांच्याच ऑर्डरमधलं लाल साटीन आणि सोनेरी लेस उरलेली होती. आत्यानं ती घेतली. झग्याच्या काठात घालायला तार हवी होती, तर तिनं सरळ साहेबांच्या जिनिंगमधून गाठी बांधायच्या पट्ट्या आणवल्या. तारेला मजबुती नसते म्हणे. त्या पट्टीचं वजन कमरेला काय लागतं, ते पॅरिसच्या बायकांना कळायला हवं होतं. मला कळलं. तुऱ्यांसाठी मोरपिसं मिळाली. एवढं होऊनही, आपण काय शिवून घेतलंय, हे आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही ते चित्राशी ताडून बघत होतो ना!

गॅदरिंगच्या दिवशी पडदा उघडला. लाल साटीन, सोनेरी लेस, फेटे, तुरे. आम्ही सहाजणी रांगेत उभ्या. तोच मागून एक आवाज आला, "बँड आला बे! नवरदेव कुठी हाये?"

सगळा हॉल फुटला. मागची पोरं खुर्च्यांवर चढली. एकानं रुमाल दातात धरला आणि वरातीत नाचतात तसा नाचायला लागला. कुणी आम्हाला बोटं दाखवून ढोल वाजवायला सांगत होतं. आमचे घागरे इतके अरुंद, की पळून जायचीही सोय नव्हती. त्यात रांगेतल्या पहिलीचा पाय अडकला, ती आडवी झाली, झग्यातली पट्टी तडकन सुटली आणि घरंगळत पहिल्या रांगेत सचिवसाहेबांच्या बुटापाशी गेली. त्यांनी ती ओळखली. बाईंचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा झाला होता.

तेव्हा आत्या रंगमंचावर आली. निवेदक मास्तरांच्या हातातला माईक तिनं हिसकावूनच घेतला. "थांबा," ती म्हणाली. आवाज कापत होता. "हे पॅरिस आहे. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या राजेरजवाड्यांनी तिकिटं काढून बघितलेला बॅले आहे हा."

त्या काळात तिथे राजे कुठून आणले, देव जाणे. पण हॉल चिडीचूप झाला. रुमालवाल्यानं रुमाल खिशात घातला. कपडे तेच, आम्ही त्याच, पडलेली मुलगी अजून पडलेलीच. पण आता ती बॅलेमध्ये पडली होती. संगीत परत सुरू झालं, आम्ही अर्धी अर्धी वीत पाऊल टाकत फिरलो, आणि शेवटी बाई उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. बाई उभ्या म्हटल्यावर सगळेच उभे. "मी तर बघताक्षणीच ओळखलं होतं," त्या सगळ्यांना सांगत होत्या.

हॉल आत्याचा राहिला. बाबांनी पेढे आणले. मला वाटलं होतं आत्या आनंदानं वेडी होईल, पण तिनं पेढा परत पुड्यात ठेवला. लोक कशाला टाळ्या देतात ते तिला त्या दिवशी समजलं, आणि त्यानंतर ती ते कधी विसरली नाही. पुढच्या वर्षी कोळीनृत्य इटलीच्या कोळ्यांचं झालं. टिपऱ्या हंगेरीहून आल्या. मला त्याचा इतका राग यायचा, की मी नाचणं सोडून दिलं. आत्या म्हणाली, "तुला घर आहे, म्हणून जमतं."

त्यानंतर दोन वर्षांनी फुलसावंगीची एक बंजारा मुलगी शिकायला पुसदला आली आणि आत्याच्या वर्गात दाखल झाली. एकदा सराव संपल्यावर मी आत्याला न्यायला गेले. मुली गप्पा मारत होत्या, तेव्हा या मुलीनं होळीत त्यांच्या तांड्यावर बायका फेर धरून लेंगी गातात, ती करून दाखवली. आत्या जिन्याच्या कठड्याला टेकून बघत होती. मग तिनं तो नाच परत करायला लावला, आणि परत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी स्वतः पाहिलं. त्या हॉलमध्ये इतकं सुंदर दुसरं काही कधीच झालं नाही.

"हेच ठेव ना गॅदरिंगला," मी म्हणाले.

"ठेवणारच आहे," आत्या म्हणाली. "फक्त नाव लमाणी सांगितलं ना, तर बाई पहिल्या रांगेतून उठून जातील."

मुलीला काळा झालरींचा झगा शिवला गेला. गाण्याऐवजी कुठल्याशा गिटारची कॅसेट लावली. आणि माईकवर आत्यानं, आता जराही न कापणाऱ्या आवाजात, सांगितलं की हे स्पेनच्या खेड्यातलं नृत्य आहे.

मुलीची आई फुलसावंगीहून आली होती. आरसे जडवलेला फेटिया म्हणजे घागरा, त्यावर काचळी चोळी, हातभर बांगड्या. स्वयंसेवकांनी तिला पार मागे बसवलं होतं, माझ्या शेजारी. नाच सुरू झाला तशी तिची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. ओठ हलत होते. गिटारशी त्या शब्दांचा काही संबंध नव्हता, पण पावलांशी होता.

"कुठचं म्हणते हे बाई?" तिनं मला विचारलं.

"स्पेनचं," मी म्हणाले. "लांब आहे. समुद्रापलीकडे."

"तिथं बी होळी असते काय?"

नाच संपला, पहिल्या रांगेतून बाई उभ्या राहिल्या, मग सगळा हॉल उभा राहिला. गर्दीतून वाट काढत ती आई थेट आत्यापाशी गेली आणि तिनं आत्याचे दोन्ही हात धरले.

"लई चांगलं शिकवलं बाई तुमी पोरीले," ती म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "अन ते तिकडचे लोक बी आमच्यावानीच नाचतेत हो! मले वाटे आमीच तेवढे."

माझी आत्या कधी शब्दाला अडली नव्हती. त्या दिवशी ती म्हणाली, "हो, थोडंफार तसंच आहे." मग तिनं आपले हात सोडवून घेतले आणि लोक अजून आत असतानाच हॉलचे दिवे एकेक करून बंद करायला लागली.