मातीनं भरलेली घागर

मी आज जो काही आहे तो गजराबाईमुळे. ती माझी आत्या. आई गेल्यावर तिनं मला सरपण विकून वाढवलं. आमच्या वस्तीत बी.ए. झालेला मी पहिला. शिक्षणाचा विषय निघाला की लोक शाळेचं, मास्तरांचं विचारतात. मला आत्या दिसते. अंगावर दुसऱ्याचं लुगडं, नाकात दुसऱ्याची नथ, डोक्यावर घागर. घागरीत माती.

आमचं गाव येरमाळ्याच्या बाजूला. राज्य निजामाचं, पण गावात हुकूम मालकांचा. त्यांचा धाकटा मुलगा पुण्याला शिकला आणि येताना सिनेमाचा कॅमेरा घेऊन आला. त्याला गावाचं चित्र काढायचं होतं. नांगर, मोट, खळं, सगळं काढून झालं. विहिरीवर पाणी भरणारी बाई राहिली.

मालकांच्या घरातल्या बायका कॅमेऱ्यासमोर येणं शक्यच नव्हतं. कुणब्यांनीही नाही म्हटलं. आपल्या बायका पडद्यावर परक्या माणसांनी बघायच्या, हे कुणालाच पटेना. मग कारभारी महारवाड्यात आला.

"गजरे, उद्या सकाळी हिरीवर ये. धाकल्या मालकाचं काम हाय."

आत्याला वाटलं, झाडायचं असेल. ती झाडू घेऊन गेली.

त्या विहिरीजवळ आम्हाला जायची बंदी होती. आम्ही ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायचो. वाळूत खड्डा करायचा, पाणी झिरपेपर्यंत बसायचं, वाटीनं भरायचं. त्या दिवशी मात्र आत्याला मालकांच्या घरचं लुगडं नेसवून, नाकात नथ घालून विहिरीजवळ उभं केलं. कठड्याला हात लावायचा नाही, एवढं बजावलं. घागर डोक्यावर घेऊन ती चालली. धाकटे मालक म्हणाले, "भरलेली घागर अशी हलकी चालत नाही. वजन पाहिजे."

कुणीतरी म्हणालं, पाणी ओता.

"पानी कशाला?" कारभारी म्हणाला. "माती भरा की. मातीला इटाळ न्हाय."

सगळे हसले. आत्याही हसली. भीतीनं माणूस हसतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी लिंबाखाली तिचं जुनं लुगडं धरून उभा होतो. धाराशिवच्या हायस्कुलात शिकत होतो, सुट्टीला आलो होतो. बोर्डिंगातली माझी जागा मालकांच्या चिठ्ठीवर होती. तोंड उघडलं की जागा जाणार, हे मला पाठ होतं. मी उघडलं नाही.

ऊन डोक्यावर येईपर्यंत ती माती वाहत राहिली. मग नथ काढून घेतली, गोमूत्रात बुडवली. लुगडं तेवढं तिच्याकडेच राहू दिलं. अंगाला लागलेलं कोण घेणार? तिनं प्यायला पाणी मागितलं.

"झिऱ्यावर जा," कारभारी म्हणाला.

पुढच्या थंडीत तालुक्याच्या गावी धाकट्या मालकांनी उत्सव भरवला. ग्रामजीवनाच्या चित्रांचा उत्सव. बार्शीहून तंबूचा सिनेमा आला. दोनतीन मोठे बोलपट, सगळे खेड्यातले, आणि आधी आमच्या गावाचं चित्र. हैदराबादचे साहेब लोक पुढं खुर्च्यांवर. त्यांच्यामागं सतरंजीवर गावोगावचे पाटील, व्यापारी, मुसलमान वकील, मास्तर. आम्ही पडद्याच्या मागं, जमिनीवर.

मागून सगळं उलटं दिसतं. अक्षरं उलटी, माणसं डावखुरी. मी आमच्या लोकांना उलटी अक्षरं वाचून दाखवत होतो आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता.

मग आत्या आली. पडद्याएवढी. नथ चमकत होती. पुढच्या बाजूनं टाळ्या झाल्या. आमच्यातली यमुनाआजी निरखून बघत होती.

"गजरे, घागर हिंदकळली कशी न्हाय गं?"

"माती हिंदकळती व्हय, आजे?"

आमच्या बाजूला सगळे तोंडात पदर, पटका कोंबून हसले. पुढं आवाज जाऊ नये म्हणून.

तेवढ्यात कारभारी कनात उचलून आत आला. माझ्या हातात कागद दिला.

"चल रे. पाव्हण्यांना शिकल्यालं पोरगं बघायचंय. एवढं वाचायचं. मोठ्यानं."

मी कंदिलाखाली कागद बघितला. मालकांचे उपकार. मग धाकट्या मालकांचे. मग लिहिलं होतं, आमच्या गावात सर्व जाती एकाच विहिरीवर पाणी भरतात, हे आपण आत्ताच चित्रात पाहिलंत.

"कारभारी, हे..."

"बोर्डिंगात ऱ्हायचंय का न्हाय?"

मी आत्याकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. कागदात काय आहे ते तिला माहीतच नव्हतं.

पडद्याच्या पुढं मी पहिल्यांदाच गेलो. पेट्रोमॅक्सचा उजेड तोंडावर. गुडघे एकमेकांवर आपटत होते. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीशी आलो आणि आवाजच निघेना. धाकटे मालक खुर्चीतून म्हणाले, "वाच बाळ, घाबरू नकोस."

मांडीवरून गरम काहीतरी ओघळलं. विजार ओली झाली. पुढच्या रांगेला ते दिसलं. कुणीतरी खुदकन हसलं.

मी कागद खाली केला.

"त्या घागरीत माती होती," मी म्हणालो. "ती बाई माझी आत्या आहे. आम्ही महार आहोत. त्या विहिरीचं पाणी आम्ही कधी प्यायलो नाही."

हैदराबादच्या साहेबांनी उर्दूत विचारलं, मुलगा काय म्हणतोय? धाकट्या मालकांनी हसत उत्तर दिलं, "बच्चा है हुजूर, घबरा गया." मग साहेब हसले, म्हणून खुर्च्या हसल्या, आणि त्यांच्यामागं सतरंजी. माझ्या ओल्या विजारीला हसले. पेट्रोमॅक्स मालवली आणि पुढचा बोलपट सुरू झाला.

मला वाटलं होतं, मारतील. हसतील असं वाटलं नव्हतं. मार विसरता येतो. ते हसणं अजून कानात आहे.

मार नंतर आला, पण माझ्या वाट्याला नाही. मागं पोचलो तर आत्याला सगळं कळलेलं. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत सिनेमाच्या मोटारीपाशी नेलं. मशीन चालवणारे बाबूमियां तिथं विडी ओढत उभे होते. आत्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागं घेतले.

"डब्ब्यांच्या पीछू बैठ," ते मला म्हणाले. "आवाज नक्को करू. बार्शीला सोडतो."

बार्शी म्हणजे इंग्रजांची हद्द. मालकांचा हात तिथं पोचत नव्हता.

"आत्या, तू?"

"म्या बघते माझं. तू जा. म्या सांगेस्तोवर गावात पाय टाकू नगं."

मी फिल्मच्या पत्र्याच्या डब्यांमागं दातांत मूठ धरून बसलो. कारभाऱ्याचा आवाज ऐकू आला. बाबूमियां म्हणाले, कोई नहीं इधर. तिला घेऊन गेले, तेही ऐकू आलं. मी बाहेर आलो नाही. श्वाससुद्धा मोठा घेतला नाही.

बार्शीच्या शाळेनं मला घेतलं, बोर्डिंगनं जेवण दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. परीक्षेआधी आत्यानं एक वाकळ पाठवली. वरचा थर त्याच लुगड्याचा. सांगावा असा की बरी आहे, अभ्यास कर. परीक्षा झाल्यावर आमच्यातला एकजण येऊन खरं बोलून गेला. त्याच विहिरीच्या कठड्यावर तिचा हात ठेवून उजवं मनगट मोडलं होतं. कठड्याला तिचा हात लागला तो असा. तिनंच सगळ्यांना बजावलं होतं, पोराला सांगू नका, परीक्षा हाय.

आता निजाम गेला. मालकांच्या घरावर तिरंगा आहे. धाकटे मालक खादीची टोपी घालतात. विहीर आहे तशीच आहे. आमचे लोक अजून झिऱ्यावर बसतात.

मी बी.ए. झाल्याचं कळल्यावर धाकट्या मालकांनी मला बोलावणं धाडलं. उत्सव पुन्हा भरतोय. तेच जुनं चित्र दाखवणार. गावचा पदवीधर म्हणून मी दोन शब्द बोलावेत. ते वाचताना माझे गुडघे पुन्हा हलायला लागले. एवढी वर्षं, एवढी पुस्तकं, आणि गुडघे तेच.

त्यांना मी उत्तर दिलं नाही. आत्याला कार्ड टाकलं. मुद्दाम उघडं कार्ड.

"आत्यास साष्टांग नमस्कार.

हे पोस्टमन वाचून दाखवील. त्याला म्हणावं, सावकाश वाच आणि वाटेत भेटेल त्याला सांग. कारभाऱ्यालाही सांग.

तू ये म्हणाली नाहीस, तरी मी येतोय. धाकट्या मालकांच्या उत्सवाला जाणार नाही. उत्सवाच्या दिवशी सकाळी, सगळं गाव पाण्याला येतं तेव्हा, आपण विहिरीवर जायचं. यमुनाआजीला घे. येतील त्या सगळ्यांना घे. मला भीती वाटते. तुलाही वाटेल. भीती घेऊनच जायचं. त्या दिवशी मी डब्यांमागं लपलो होतो. या खेपेला तुझ्या पुढं उभा राहीन.

घागर घासून ठेव. आतली माती नीट काढ, कडेला चिकटलेली असेल. तुझं मनगट दुखतं, रस्सी मी ओढीन. काठोकाठ भरू आणि वेशीतून, मालकांच्या दारावरून घरी आणू. हिंदकळली तर हिंदकळू दे."